काळा रंग चढण्याआधी

बीदरच्या चौबाऱ्याजवळच्या गल्ल्यांत हिंडताना आधी आवाज ऐकू येतो. छिन्नीच्या माथ्यावर पडणारी छोटी हातोडी, बारीक, एका लयीत. मग दाराच्या उजेडाला पाठ न करता बसलेला कारागीर दिसतो. बिदरीचं काम चाललेलं असतं. जस्तात थोडं तांबं, साधारण सोळास एक या प्रमाणात मिसळून मातीच्या साच्यात सुरई ओतायची. कानशीनं घासून तिचं अंग गुळगुळीत करायचं. वरून मोरचुदाचं पाणी फिरवायचं, म्हणजे ते अंग तात्पुरतं काळवंडतं आणि पोलादी कलमानं काढलेली रेघ त्यावर दिसते. त्या रेघेवरून छिन्नी चालवून खाच पाडायची आणि खाचेत चांदी ठोकून बसवायची. तारेचं काम ते तारकशी, पत्र्याचं ते तहनिशां. सगळी चांदी बसली की पुन्हा कानस, पुन्हा घासणं. त्यात मोरचुदाचा काळेपणा निघून जातो आणि त्याच्याबरोबर नक्षीही जाते. जस्त पांढुरकं, चांदीही पांढरी. कित्येक दिवसांचं काम हातात असतं, पण बोट फिरवलं तर लागत नाही आणि डोळे बारीक केले तरी धड दिसत नाही.

“अब्बी कुच नै दिखता, ठैरो,” माझ्या हातातली सुरई परत घेत तिथले एक म्हातारे उस्ताद म्हणाले होते.

मग किल्ल्यातली माती येते. जुन्या इमारतींच्या आतली, वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेली. जाणते कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. नवसागराबरोबर पाण्यात कालवलेला तिचा लेप किंचित तापवलेल्या सुरईवर चोळला की जस्त काळं पडतं, चांदी मात्र पांढरीच राहते. धुऊन वर तेलाचा हात फिरवला की वेली, पाकळ्या, अशर्फीच्या बुट्ट्या एकदम वर येतात.

अमूर्त चित्राकडे मी ज्या नजरेनं पाहते, ती मला या एका क्षणानं दिली. आकार हातानं केव्हाच घडवलेला होता. डोळ्याच्या हिशेबी मात्र तो अजून जन्मलाच नव्हता, कारण त्याला शेजार मिळालेला नव्हता. काळा आला तेव्हा चांदीला तिची कड मिळाली. ती कड चांदीची म्हणावी की काळ्याची, हे कुणालाच सांगता येणार नाही. दोघांच्या मधे ती उभी राहते आणि दोघांनाही दाखवते.

अमूर्त चित्रासमोर उभा राहिलेला माणूस बहुतेक वेळा विचारतो, यात आहे काय? प्रश्न सरळ मनाचा आहे. माणसाचा डोळा ओळखीचं काहीतरी शोधत असतो; ढगात हत्ती, ओल आलेल्या भिंतीवर नकाशा. पण हत्ती सापडला की ढग पाहणं तिथेच संपतं. अमूर्त चित्र तो हत्ती काढून घेतं, म्हणून मग ढग पाहावाच लागतो. त्याची कड कुठे विरली आहे, कुठे उन्हानं धारदार झाली आहे, कुठे दोन करड्या छटा एकमेकींत इतक्या मिसळल्या आहेत की कुठली कुठे संपली ते कळू नये. रंग आणि आकार एवढंच उरतं, आणि तेवढं भरपूर असतं.

जर्मनीतून अमेरिकेत गेलेले चित्रकार जोसेफ अल्बर्स यांनी १९५० पासून अखेरपर्यंत, पंचवीस वर्षांहून अधिक काळ, एकात एक बसवलेले चौकोन रंगवले. रंगांचं एकमेकांशी काय नातं जुळतं, यावरचं त्यांचं पुस्तक १९६३ मध्ये आलं. कुठलाही रंग एकटा दिसत नाही, हा त्यातला पायाचा धडा. एकाच करड्या कागदाचे दोन तुकडे घ्या. काळ्यावर ठेवलेला उजळतो, पांढऱ्यावर ठेवलेला मळकट होतो. कागद तोच असतो, शेजार बदललेला असतो. बिदरीच्या उस्तादाला हे पुस्तकावाचून ठाऊक आहे. आफताबी नावाच्या प्रकारात तो सगळी रीतच उलटी करतो. चांदीचा पत्रा तिथे मोकळी जागा होतो आणि नक्षी काळी राहते. पाहता पाहता नजर फिरते. ज्याला आपण मागचं समजत होतो ते पुढे येतं, आणि फूल म्हणजे चांदीत ठेवलेली रिकामी जागा आहे हे ध्यानात येतं.

बीदरहून कलबुर्गीला हुमनाबाद, कमलापूर असा रस्ता जातो. बीदर पठाराच्या माथ्यावर, जांभ्यावर बसलेलं गाव. तिथली माती लाल, किल्ल्याचा तिहेरी खंदकही त्याच लाल खडकात खोदलेला. पठार उतरू लागलं की लाल फिका पडतो, मधे मुरमाचा पिवळट पट्टा येतो आणि मग काळं रान सुरू होतं. कलबुर्गीची तूर याच रानातली. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. दिवाळीनंतर तूर फुलते तेव्हा पिवळा रंग क्षितिजापर्यंत जातो. पण मला हे रान मृगाच्या तोंडावर पाहायला आवडतं. नांगरट झालेली, पेरणी व्हायची असते, गवताचं पातं नसतं. खाली काळं, वर उन्हानं पांढरं पडलेलं आभाळ, आणि दोहोंमधे एक आडवी रेघ. इतक्या मोठ्या मुलखात इतकंच. ती रेघ जमिनीची नाही आणि आभाळाचीही नाही. चालत जाऊन तिच्यावर पाय ठेवता येत नाही. तरी ती आहे, आणि तिच्यावाचून ना काळं दिसेल ना पांढरं.

कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या खाणींचा दगड महाराष्ट्रातल्या लाखो घरांत पायाखाली आला. शहाबादी फरशी म्हटलं की कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. भालकीकडच्या आमच्या घरात उन्हाळ्याच्या दुपारी मी त्या फरशीवर पालथी पडून असे. करडी, किंचित निळसर, कुठे हिरवट झाक असलेली. फडक्यानं पुसली की ती गडद होई आणि सुकताना ओलीची कड आत आत सरकत जाई. गडद भाग लहान होत होत एखाद्या बेटाएवढा राही, मग तोही जाई. त्या बेटाला कसलाच अर्थ नव्हता आणि मी ते शेवटपर्यंत पाहत असे. लहानपणी सगळ्याच मुलांना हे येतं. पुढे वस्तूंची नावं पाठ होतात आणि पाहणं कमी होत जातं.

बीदरपासून जवळच अष्टूरला बहमनी सुलतानांच्या कबरी आहेत. त्यांत अहमदशहा वलीची. गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, राजधानी बीदरला आणणारा हा सुलतान १४३६ मध्ये वारला. बाहेरून इमारत साधी, जाड भिंतींची. आत शिरलं की आधी फक्त अंधार. मग रखवालदार दाराबाहेर उन्हात आरसा धरतो आणि उजेडाचा एक तुकडा घुमटाकडे फेकतो. “ऊपर देखो, अम्मा.” तो तुकडा जिथे जाईल तिथे रंग जागा होतो. शेंदरी, गर्द निळा, काळा, त्यावर सोनेरी अक्षरं. उजेड पुढे सरकला की मागचा रंग पुन्हा अंधारात बुडतो. पूर्ण घुमट एकदम कधी दिसत नाही. तुकड्यातुकड्यानं पाहायचा आणि मनात जोडायचा.

मला ती अरबी-फारसी अक्षरं वाचता येत नाहीत. माझ्या डोळ्याला त्या उभ्या रेघा, त्यांच्या पायाशी वळणारे बाक, मधे सोडलेली निळी जागा एवढंच दिसतं. ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी तिथे प्रार्थना आहे. पण रेघेचा तोल त्यालाही तोच आणि मलाही तोच. लिहिणाऱ्यानं शब्द पोचवावा म्हणून आकार घडवला, आणि तो इतका नेमका घडवला की शब्द न पोचताही तो उभा राहतो. याच कबरीत झोपलेल्या सुलतानाला लिंगायत भक्त आपले संत अल्लमप्रभू यांचा अवतार मानतात, आणि त्याच्या उरुसात जंगमाला मान असतो. ज्यांनी शून्यालाच सिंहासन दिलं, त्या अल्लमांचं नाव या रंगीत घुमटाखाली घेतलं जावं, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. शून्य म्हणजे काही नसणं असतं, तर त्याच्यासाठी इतका निळा कुणी खर्चला नसता.

बीदर गावात महमूद गवानचा मदरसा आहे, १४७२ मधला. त्याच्या दर्शनी भिंतीवर आणि मिनारावर रंगीत टाइल्स होत्या. १६९६ मध्ये आत साठवलेल्या बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला आणि इमारतीचा मोठा भाग उडाला. उरलेल्या भागावरच्याही पुष्कळ टाइल्स गळून गेल्या. आज तिथे निळ्याचा एक पट्टा मधेच तुटतो, पिवळ्याचा कोपरा उरतो, बाकी उघडा दगड. पूर्ण असताना ही भिंत दिपवणारी असणारच. पण आज तिच्यासमोर उभं राहिलं की एकेका रंगाचं वजन कळतं. विटकरी-करड्या विस्तारात तळहाताएवढा निळा तुकडा सगळ्या भिंतीला धरून ठेवतो. एवढ्याशा रंगात एवढं बळ कुठून येतं, याचं उत्तर त्याच्याभोवतीच्या उघड्या दगडात आहे.

कलबुर्गीच्या किल्ल्यातली जामा मशीद याच्या दुसऱ्या टोकाला आहे. १३६७ मध्ये कझविनच्या रफीनं ती बांधली. भारतातल्या मशिदींत असतं तसं उघडं अंगण तिला नाही. सगळं छताखाली. आत रंग म्हणावा असा नाहीच. चुन्याचा पांढरा, तेवढाच. आणि कमानी. रुंद, बुटक्या, जमिनीपासून थोड्याच उंचीवर वळू लागणाऱ्या. एका कमानीतून दुसरी दिसते, दुसरीतून तिसरी, आणि प्रत्येकीचा पांढरा वेगळा. उजेडाजवळची निळसर, आतली दुधी, त्याच्या आतली राखेसारखी, सगळ्यात शेवटची जवळजवळ जांभळी. रंग नाकारलेल्या इमारतीत उजेडानं रंग आणून ठेवलेला आहे. आकार तोच तोच पुन्हा आला की डोळा आकाराची चिंता सोडतो आणि छटांमधला फरक टिपू लागतो. अल्बर्सनी इतकी वर्षं चौकोनच का रंगवला, हे मला या कमानींनी समजावलं.

ही सगळी तयारी घेऊन गायतोंड्यांच्या चित्रासमोर उभं राहावं. वासुदेव संतू गायतोंडे मूळ गोव्याच्या कुटुंबातले, १९२४ मध्ये नागपूरला जन्मलेले, मुंबईत वाढलेले. १९४८ मध्ये त्यांनी जे. जे. कला महाविद्यालयाची पदविका घेतली. सुरुवातीच्या त्यांच्या चित्रांत माणसं होती, लघुचित्रांचा आणि पॉल क्लेचा अभ्यास होता. हळूहळू माणसं गेली, वस्तू गेल्या. १९६४ मध्ये रॉकफेलर पाठ्यवृत्तीवर ते न्यू यॉर्कला राहून आले, नंतर दिल्लीत स्थायिक झाले. वर्षाला मोजकीच चित्रं करत. उरलेला वेळ पाहण्याचा आणि थांबण्याचा. रोलरनं आणि सुरीनं रंगाचे थर द्यायचे, ओल्या रंगावर फाडलेल्या कागदाचे तुकडे ठेवून रंग उचलून घ्यायचा, पुन्हा थर द्यायचा. २०१४ मध्ये न्यू यॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा त्यांना जाऊन तेरा वर्षं झाली होती.

त्यांच्या एखाद्या चित्रात सगळा पट एकाच रंगाच्या घरातला असतो. पिवळा, आणि त्या पिवळ्यातून वर येणारे थोडे काळसर पिवळे आकार. कुठल्यातरी लिपीची आठवण करून देणारे, पण वाचता न येणारे. तिथे रंगाचा शेजारी तोच रंग असतो, किंचित गडद, किंचित उजळ. त्यामुळे कड जवळजवळ नसतेच. आकार आला की आपल्याला भास झाला, हे ठरवायला वेळ लागतो, आणि तो वेळ हेच त्या चित्राचं देणं आहे. घाईनं पाहणाऱ्याला तो एक पिवळा फलक दिसेल. थांबणाऱ्याला त्यात खोली दिसू लागते, मग हालचाल, मग आकारांची एकमेकांपासूनची अंतरं.

चित्रकार प्रभाकर बरवे याच्या पलीकडचे. त्यांची कड स्वच्छ, ठाम. एनॅमलच्या सपाट रंगात एक पान, एक किल्ली, एक घड्याळ, आणि त्यांच्यामधे मोठी मोकळी जागा. वस्तू ओळखू येतात, पण त्या एकत्र का आल्या ते कुठल्याही गोष्टीत बसत नाही. मग नजर वस्तू सोडून त्यांच्यामधल्या जागेवर जाते. १९९० मध्ये आलेल्या ‘कोरा कॅनव्हास’मध्ये बरव्यांनी याच अवकाशाचा विचार मराठीत मांडला. आपल्या भाषेत चित्राविषयी इतक्या आतून लिहिलेलं पुस्तक आहे, याचा मला अभिमान वाटतो.

आणि कलबुर्गीचे स्वतःचे सर्वांत गाजलेले चित्रकार, एस. एम. पंडित? ते तर आकृतीचे सम्राट. १९१६ मध्ये गुलबर्ग्यात जन्मले, मुंबईत येऊन सिनेमाच्या जाहिराती, ‘फिल्मइंडिया’ मासिकाची चित्रं आणि पुढे पौराणिक कॅलेंडरं यांनी त्यांनी घराघरांच्या भिंती भरल्या. त्यांच्या देवदेवता, त्यांचे वीरपुरुष पाहताना अमूर्ताचा विचार कुणाच्या मनात येणार नाही. पण त्यांचं एखादं चित्र उलटं धरून पाहावं. चेहरे ओळखू येईनासे होतात आणि खालची बांधणी उघडी पडते. तांबूस उजेडाचा एक मोठा कर्ण, त्याला अडवणारी निळ्या सावलीची रास, मधे सोनेरी ठिणगी. चित्र उलटं होऊनही ढासळत नाही. गोष्ट त्याच्यावर उभी असते, आणि ते स्वतः रंग-आकारांच्या तोलावर उभं असतं. मूर्त आणि अमूर्त अशी दोन वेगळी गावं नाहीत. प्रत्येक चांगल्या मूर्त चित्राच्या खाली एक अमूर्त चित्र असतंच.

आपल्या लोकांना हे परकं आहे, असं मी कधी मानलं नाही. कलबुर्गी जिल्ह्यातल्या गाणगापूरला महाराष्ट्रातून माणसं लोटतात, आणि तिथे ती ज्यांच्यासमोर हात जोडतात त्या निर्गुण पादुका आहेत. त्यांना चेहरा नाही, हात नाहीत, आयुधं नाहीत. इथले लिंगायत तळहातावर इष्टलिंग ठेवून त्याच्याकडे नजर लावून बसतात. काळा, गोलसर, कशासारखाही नसलेला आकार. भक्ती आणि चित्र एकच आहेत असं मला म्हणायचं नाही. पण कशाचंही चित्र नसलेल्या आकारासमोर इतका वेळ, इतक्या मनानं बसणारी माणसं एखाद्या कॅनव्हाससमोर पाच मिनिटं उभी राहू शकणार नाहीत, हे मला पटत नाही. त्यांना तिथपर्यंत कुणी नेलेलं नाही, एवढंच.

शाळेत चित्रकलेच्या तासाला आपण शिकवतो, आधी आकार काढा, मग रंग भरा. रंग कडेच्या बाहेर गेला की गुण कापतो. या सवयीनं मुलाच्या मनात पक्कं बसतं की कड आधी असते, ती कुणीतरी आखून दिलेली असते आणि रंगाचं काम तिच्या आत गप्प बसणं. बीदरची सुरई याच्या बरोबर उलट सांगते. गायतोंड्यांचा पिवळा उलट सांगतो, मृगाआधीचं रानही. कड दोन रंगांच्या भेटीतून तयार होते.

या मुलखाला तर हे जगण्यातून माहीत आहे. १९५६ मध्ये हैदराबाद राज्य विभागलं गेलं. बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले. नकाशावर रेघा ठाम उमटल्या. माणसांत त्या तशा उमटल्या नाहीत. आमच्याकडे घरात मराठी, कचेरीत कानडी, बाजारात दखनी, आणि तिन्ही एकाच दुपारी. कानडीच्या शेजारानं माझ्या मराठीचा हेल वेगळा झाला, आणि पुण्याला गेले तेव्हा त्या हेलावरूनच मला माझं गाव दिसलं. शेजारी नसता तर माझ्या भाषेचा रंग मला कधी कळलाच नसता. सीमेवर राहणाऱ्याला आपण कडेला पडलो आहोत असं पुष्कळदा वाटायला लावलं जातं. चित्राचा अनुभव सांगतो की सगळी दृष्टी कडेवरच घडते. मधला रंग कितीही मोठा असो, तो काय आहे हे त्याच्या कडेशी गेल्यावर कळतं.

म्हणून माझं एक मागणं आहे. भालकी, आळंद, औराद, बसवकल्याणच्या शाळांत मुलांच्या हातात एकदा तरी रेघ न आखलेला कागद द्यावा. एकीकडे पठाराचा लाल लावायला सांगावा, त्याला लागून रानाचा काळा. दोन्ही ओले असताना ते जिथे भेटतात तिथे काय होतं, एवढंच पाहायला लावावं. कशाचं चित्र आहे, हे त्या दिवशी कुणी विचारू नये. मग त्यांना अष्टूरला न्यावं, मशिदीच्या कमानींखाली उभं करावं, जमलं तर मुंबईत गायतोंड्यांसमोर. अमूर्त चित्र त्यांना समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. दोन रंग जवळ आले की तिसरं काहीतरी उभं राहतं, हे ज्यानं आपल्या हातानं केलं आहे, त्याला चित्र पाहता येतं. आणि माझा विश्वास आहे की त्याला आपला शेजारीही अधिक नीट पाहता येतो.